ओबी डम्पवरची रोपं उन्हाळ्यात वाळतात, कारण खाली माती मेलेली असते

तुम्ही लिहिलंय, भद्रावतीजवळच्या कोळसा खाणीच्या ओबी डम्पवर (कोळशावरून काढलेल्या दगड-मातीच्या ढिगावर) जुलैत रोपं लावली, टँकरने पाणीही दिलं, तरी मे संपेपर्यंत बहुतेक वाळली. आणि आता विचारताय की कुठली जात लावू. आमचंही दुखणं हेच होतं, म्हणून सविस्तर लिहितो. जातीचा प्रश्न नंतरचा आहे. तुमच्या दुसऱ्या फोटोत खड्ड्याच्या भिंतीवर करडा, गुळगुळीत थर दिसतोय. डम्परच्या चाकांखाली दाबून तो घट्ट झालाय. अशा थरात मुळं शिरत नाहीत, कुंडीतल्यासारखी खड्ड्यातच गोल फिरतात. मग टँकर कितीही आणा.

चांगला पाऊस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई हाताने दाबून बघा. वीतभर जाऊन अडली तर आधी डोझरला रिपर (जमीन फोडणारा लोखंडी दात) लावून ६० ते ९० सेंमी खोल फोडून घ्या, उताराला आडवं. हे काम मे महिन्यातच करा. चिकणमाती ओली असताना रिपर फिरवला तर ती फुटत नाही, नुसती चिरली जाते आणि चिरा पुन्हा मिटतात. बाजूचा उतार २८ अंशांपेक्षा जास्त असेल तर तिथे रोपं लावूच नका. आधी टप्पे पाडा, पाण्याला दगडी नाली द्या.

आता वरच्या मातीबद्दल, कारण खरं नुकसान इथेच होतं. खाण सुरू करताना काढलेली काळी माती पाच-सहा मीटर उंच ढीग घालून वर्षानुवर्षे ठेवतात. आत हवा जात नाही. मुळांना स्फुरद पोचवणारी बुरशी आणि मातीतलं गवताचं बी, दोन्ही मरतं. ढीग दोन मीटरच्या आत हवा, त्यावर ताग किंवा स्टायलो (शेंगवर्गीय चारापीक) पेरलेला हवा आणि शक्य तितक्या लवकर ती माती २० ते ३० सेंमी जाडीने पसरायला हवी. पुरेशी नसेल तर सगळीकडे पातळ फासू नका, पट्टे करून जाड घाला. शेणखत कमी पडलं तर साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) चालते. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर मळी आणि जिवाणू खतं वापरूनच झाडं उभी केली.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते एक कार्यालय. नाव घेत नाही. गवताचा प्रस्ताव दिला तर उत्तर आलं, ‘गवत अंदाजपत्रकात बसत नाही, हेक्टरी २५०० रोपं दाखवा.’ मोजमाप पुस्तिकेत रोपं मोजतात, जमीन झाकली गेली का हे कोणी लिहीत नाही. माती पसरायच्या आत लागवडीची तारीख आली, उघड्या मुरमात रोपं गेली आणि पुढच्याच पावसात माती घळींनी वाहून खाली नाल्यात गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पर्यावरण मंत्रालयाने १६ जानेवारी २०२० ला परिपत्रक काढून खाणकामानंतर पुन्हा गवत लावणं आणि जमीन चारा, वनस्पती, प्राण्यांसाठी योग्य करणं ही अट घातली आहे. त्याची प्रत अर्जाला जोडा. तोंडी बोलू नका, पोच घ्या. (मी वकील नाही. तुमच्या खाणीच्या मंजुरीतल्या अटी स्वतः वाचा.)

तर आधी गवत. पवन्या, मारवेल, कुसळी, अंजन, सोबत थोडा स्टायलो. बी हेक्टरी सहा-आठ किलो, मागच्या हंगामाचं. ताजं बी सुप्तावस्थेत असतं, नीट उगवत नाही. हलकं बी वाऱ्याने उडतं म्हणून ओलसर माती-शेणात कालवून पेरा, एक सेंमीपेक्षा खोल नको. नाल्यांच्या काठाने वाळा (खस) लावा.

झाडं दुसऱ्या पावसाळ्यात लावा: खैर, हिवर, बाभूळ, पळस, करंज, शिरीष, बोर. सखल ओलीत उंबर आणि कटांग बांबू. मोह, तेंदू नंतर, थोडी सावली झाल्यावर. सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावू नका, हे माझं ठाम मत आहे. जगलेल्या रोपांची टक्केवारी छान दिसते, पण ऑस्ट्रेलियन बाभळीच्या पाचोळ्याखाली गवत टिकत नाही आणि सुबाभूळ एकदा पसरली की आवरत नाही.

पक्षी येत नाहीत म्हणालात. गवताला बी धरू द्या, मुनिया आणि लावे येतील. दगडांचे ढीग, वाळलेली खोडं तशीच पडू द्या. पाणवठ्याचा एक तरी काठ उथळ उताराचा ठेवा, खड्या कड्यावरून जनावर आत पडतं. मात्र गावाकडच्या बाजूला ५० मीटर पट्टा मोकळा ठेवा, तिथे विलायती बाभूळ वाढू देऊ नका. चंद्रपुरात दुर्गापूर भागात २०२२ मध्ये बिबट्याचे हल्ले झाले, माणसं गेली. अधिवास करायचा तर ही जबाबदारीही आपलीच.

आणखी एक: डम्पवर कुठे धूर किंवा गरम वाफ दिसली तर आत कोळसा धुमसतोय. तिथे खड्डे खणू नका, हवा मिळून आग वाढते. खाणीला लेखी कळवा.

हे सगळं वर्धा खोऱ्यातल्या चिकण आणि वालुकाश्माच्या डम्पसाठी आहे. झरिया किंवा सिंगरौलीच्या कोळसापट्ट्यांना जसंच्या तसं लावू नका. माती तपासून सामू (पीएच) साडेपाचच्या खाली आला तर थांबा, आकडे इथे टाका. चुना किती लागेल ते त्यावरच ठरेल.