दीड वर्षाच्या मुलासाठी ताटली-वाटी: मेलामाइन, 'बांबू', सिलिकॉन की स्टील?

मूल आता स्वतःच्या हाताने जेवायला लागलंय, आणि दुकानातल्या या चार प्रकारांतलं सुरक्षित कोणतं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत सरळ आहे: गरम किंवा आंबट काहीही असो, ते स्टीलमध्ये नाहीतर काचेत वाढा. रंगीत, चित्रांची भांडी कोरड्या, गार खाऊपुरती ठेवा. भांडं कशाचं आहे हे बघायचंच, पण त्यात काय वाढणार, किती गरम आणि किती वेळ, हे आधी बघायचं.

सगळ्यात जास्त फसगत मेलामाइनची होते. दिसायला अगदी चिनी मातीसारखं, पण उचललं की फारच हलकं लागतं, आणि नखाने टिचकी मारली तर खणकत नाही, बद्द वाजतं. मेलामाइन आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून केलेलं हे कडक प्लास्टिक. गार पदार्थात त्याचा फारसा प्रश्न येत नाही. पदार्थ साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर गेला, त्यातून आंबट असला आणि बराच वेळ तसाच राहिला, की हे घटक अन्नात जास्त उतरतात. मायक्रोवेव्हमध्ये तर ते कधीच ठेवू नका. बरीच वापरलेली ताटली उजेडात तिरकी धरून बघा. कडेला चकाकी तशीच असते, मधला भाग मात्र चमच्याने घासून निस्तेज झालेला, बारीक ओरखड्यांत न निघणारे डाग बसलेले. अशी ताटली काढून टाका, तिच्यावरचा हत्ती मुलाचा कितीही लाडका असला तरी. (रडारड होईल. दुसरा हत्ती आणा.)

'बांबू'च्या नावाने मिळणाऱ्या गुळगुळीत, एकसारख्या रंगाच्या वाट्या बहुतेकदा मेलामाइनच असतात, त्यात बांबूची पूड मिसळलेली. त्या पुडीने भांडं सुरक्षित होत नाही. युरोपीय संघात प्लास्टिकच्या भांड्यांत ही पूड घालायला मान्यताच नाही, आणि अशी भांडी बाजारातून हटवायला तिथे २०२१ मध्ये खास मोहीम काढावी लागली. खऱ्या बांबूच्या भांड्यावर लाकडासारख्या रेषा दिसतात.

लेबलांवरही फार विसंबू नका. बीपीए (बिस्फेनॉल ए) हे प्लास्टिक बनवताना वापरलं जाणारं एक रसायन; 'बीपीए-फ्री' म्हणजे तो एक पदार्थ नाही, एवढंच. तो मुख्यतः पॉलिकार्बोनेट या कडक, पारदर्शक प्लास्टिकमध्ये असायचा. बाळांच्या बाटल्यांत युरोपीय संघाने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१२ मध्ये तो बंद केला. मेलामाइनमध्ये बीपीए मुळातच वापरत नाहीत, त्यामुळे त्यावरचं 'बीपीए-फ्री' खरं असतं आणि निरुपयोगीही. 'मायक्रोवेव्ह-सेफ'चा अर्थही भांडं वितळणार नाही, तडकणार नाही, इतपतच धरा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं ते मला पटतं: मुलांचं अन्न शक्यतो प्लास्टिकमध्ये गरमच करू नये, आणि तळाशी त्रिकोणात ३, ६ किंवा ७ आकडा असलेलं प्लास्टिक टाळावं. प्लास्टिक घ्यायचंच असेल तर ५ आकड्याचं, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचं घ्या.

स्टीलमध्ये ३०४ किंवा १८/८ (चांगल्या प्रतीच्या स्टीलची खूण) असा शिक्का बघा. चुंबक लावून पारख करू नका. ३०४ ला चुंबक सहसा चिकटत नाही हे खरं, पण हलक्या प्रतीच्या २०१ लाही चिकटत नाही. स्टीलची अडचण वेगळीच: पदार्थ गरम असला की वाटीही तापते आणि मूल ती दोन्ही हातांनी धरतं. दुहेरी भिंतीची वाटी घेतलीत तर धुतल्यावर कानाशी हलवून बघा. आत पाणी खळखळलं तर ती बाद.

सिलिकॉन उष्णता चांगली सोसतं आणि खाली चोषक असलेली, टेबलाला घट्ट चिकटणारी ताटली उलटवणं मुलाला जमत नाही, तेवढ्यासाठी एक जरूर घ्या. मात्र ते साबणाचा वास धरून ठेवतं. बिनवासाच्या साबणाने धुवा.

चिनी मातीत भीती शिशाची, विशेषतः जुन्या किंवा हौसेने घरी रंगवलेल्या भांड्यांत. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, आणि मुलांच्या शरीरात ते मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं. त्यामुळे आतून रंगीत नक्षी असलेली वाटी मुलाला नकोच. काचेचा पेला घेताना बाहेरची चित्रं अगदी काठापर्यंत आलेली नाहीत ना, तेही बघा; या वयात पेला पिण्याइतकाच चावण्यासाठीही असतो.