अमेरिकेतील डिक्सव्हिल टाउनशिपचे क्षेत्रफळ आणि लोकसंख्या किती आहे?

न्यू हॅम्पशायर राज्याच्या उत्तर भागातील डिक्सव्हिल टाउनशिपचे क्षेत्रफळ सुमारे १२७ चौरस किलोमीटर असून अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत तेथे अवघ्या ४ रहिवाशांची नोंद झाली. २०१० मध्ये ही संख्या १२ होती. डोंगराळ, जंगलव्याप्त अशा या प्रदेशातील वस्ती डिक्सव्हिल नॉच या खिंडीजवळच्या बाल्सम्स हॉटेलाच्या आधारानेच टिकून होती, त्यामुळे २०११ मध्ये ते बंद पडणे हेच या घसरणीचे मुख्य कारण मानणे मला योग्य वाटते. मात्र ४ हा आकडा काटेकोर समजू नये, कारण व्यक्तींची ओळख गुप्त राहावी म्हणून त्या जनगणनेत राज्यापेक्षा लहान प्रदेशांच्या आकड्यांत हेतुपुरस्सर किंचित फेरफार केलेला आहे. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तेथे ६ जणांनी मतदान केले.