इंटरनॅशनल रिलेशन्स शिकायचंय, पण फी लाखांत!

प्रश्न : मॅडम, मी खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहते, सेकंड पीयूसी (बारावी) आर्ट्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. मला इंटरनॅशनल रिलेशन्समध्ये बी.ए. करायचंय. उत्तरेतल्या एका खासगी विद्यापीठात अशी डिग्री आहे, पण फी लाखांत. बाबा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, एका फौंड्रीत मोल्डर आहेत. ते म्हणतात, ‘बी.ए.च करायचं तर बेळगावात कर, आणि परदेशाचं शिकून तू करणार काय?’ लहानपणापासून सीमाप्रश्नाच्या मेळाव्यांना जाते, म्हणून हा विषय मला आपलाच वाटतो. काय करू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : बाळ, बाबांचं निम्मं बरोबर आहे. बी.ए. बेळगावात कर, हे बरोबर. परदेशाचं शिकून काय करणार, हे मात्र फौंड्रीतल्या माणसाने म्हणू नये. त्यांनी बसवलेल्या साच्यातलं कास्टिंग शेवटी कुठे जातं, ते त्यांना एकदा विचार. युरोपीय संघाने १ ऑक्टोबर २०२३ पासून लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट असा माल मागवणाऱ्यांकडे, तो बनवताना किती कर्ब हवेत गेला याचा हिशेब मागायला सुरुवात केली. २०२६ पासून त्याचे पैसेही लागू झाले. नियम ब्रुसेल्सला ठरतो, भट्टी आपल्याकडे पेटते. माझा एक विद्यार्थी, बी.ए.ला जेमतेम सेकंड क्लास, आज एका कारखान्यात एक्स्पोर्टचे कागद बघतो. एल.सी.मधला (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे मालाचे पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) एक शब्द इकडचा तिकडे झाला की बँक पैसे अडवते, त्यामुळे तो कागद माझ्यापेक्षा बारकाईने वाचतो. (यातलं काही मी त्याला शिकवलेलं नाही, हेही कबूल करते.)

आता डिग्रीचं. तिच्यावर ‘इंटरनॅशनल’ ही पाटी असलीच पाहिजे, असं या क्षेत्रात कुणी म्हणत नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या (जेएनयू) स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीजचं मूळ १९५५ सालच्या एका संस्थेत आहे. तिथेही हा विषय एम.ए.पासून सुरू होतो. गोवा विद्यापीठातलं शिक्षणही एम.ए.चं. जादवपूरला तो बी.ए.लाच मिळतो, सरकारी विद्यापीठाच्या फीत. पण खानापूरहून कोलकाता किती लांब ते तूच बघ. परराष्ट्र सेवेत जायचं असेल तर यूपीएससीला कोणत्याही शाखेची पदवी चालते. परराष्ट्रमंत्री जयशंकर पदवीला रसायनशास्त्र शिकले. आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातले, अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ साली परराष्ट्र सेवेत गेले आणि टोकियो, न्यूयॉर्कपर्यंत पोचले. तेव्हा कर्ज काढून पाटी विकत घेऊ नकोस. राज्यशास्त्र घे, सोबत इतिहास किंवा अर्थशास्त्र. अर्थशास्त्र घेतलंस तर मला जास्त आवडेल, कारण आपली मुलं आकडे दिसले की पान उलटतात. फक्त एक ऐक : नुसत्या बी.ए.वर या विषयात नोकरी मिळेल असं धरून चालू नकोस. यूपीएससी सोडली तर एम.ए. करावंच लागेल.

खरं बोलायचंय ते तुझ्या शेवटच्या वाक्याबद्दल. सीमाप्रश्नामुळे हा विषय ‘आपला’ वाटतो म्हणालीस. मलाही तसंच वाटायचं. आमच्या घरी १ नोव्हेंबरला, बेळगाव म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं त्या दिवशी, चूल पेटायची नाही, वडील दंडाला काळी फीत बांधून फेरीला जायचे. पुण्याला एम.ए.ला गेले तेव्हा मला वाटलं, वर्गात माझ्याइतकं कुणाला कळणार! सेमिनारला सरांनी मला विषय दिला, ‘म्हैसूर राज्याची बाजू मांडा.’ मी उभी राहिले, दोन मिनिटं बोलले आणि तिसऱ्या मिनिटाला नकळत त्यांच्यावर टीका करू लागले. सर म्हणाले, ‘बसा. तुम्हाला तुमचीसुद्धा बाजू येत नाही.’ खोलीवर जाऊन रडले. नंतर तीन आठवडे लायब्ररीत काढले.

तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं की सेनापती बापटांच्या उपोषणानंतर, महाराष्ट्राच्याच आग्रहाने १९६६ साली सीमाप्रश्नावर महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालात त्याने २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला द्यावीत असं सुचवलं, बेळगाव मात्र होतं तिथेच ठेवलं. कर्नाटक म्हणतं, तुम्हीच मागितलेला आयोग, आता माना. महाराष्ट्र म्हणतं, निकषच चुकले; खेडं हा घटक धरा, भाषिक बहुमत आणि सलगता बघा. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, कलम १३१ खाली. दोन राज्यांतला वाद म्हणून तो दिल्लीत सुटायचा, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नव्हे. त्या अर्थाने आपला प्रश्न ‘आंतरराष्ट्रीय’ नाहीच.

पण त्याच लायब्ररीत मला श्लेस्विग सापडलं, डेन्मार्क आणि जर्मनीच्या मधला प्रांत. १९२० साली तिथे लोकांचं मत घेतलं. उत्तरेकडच्या भागात १० फेब्रुवारीला मतदान झालं आणि अख्ख्या भागाची मतं एकत्र धरली. सुमारे ७५ टक्के डेन्मार्ककडे. टोंडर शहरात बहुमत जर्मनीचं होतं, तरी शहर डेन्मार्कात गेलं. दक्षिणेकडे १४ मार्चला मतदान झालं, तिथे मात्र गावनिहाय मोजणी. सुमारे ८० टक्के जर्मनीकडे. म्हणजे एकाच प्रांतात घटक दोन! ‘खेडं हा घटक’ हे आपण पाटसकरांचं नाव घेत पाठ करत आलो; आंध्र-मद्रास सीमावादात त्यांनी हाच घटक धरला होता. पण घटक कोण निवडतो आणि तो निवडला की निकाल निम्मा कसा ठरून जातो, हे मला टोंडरने शिकवलं. पुढे १९५५ साली दोन्ही सरकारांनी आपापल्या हद्दीतल्या दुसऱ्या भाषेच्या लोकांचे हक्क जाहीर केले. सीमारेषा तिथेच राहिली. हे इकडे मेळाव्यात सांगितलं तर लोक उठून जातील, मला अनुभव आहे.

हा विषय शिकायचा म्हणजे हे करायचं. समोरच्याची बाजू अशी मांडायची, की त्याने मान डोलवावी.

म्हणून भाषा. इंग्रजीची भीती वाटत असेल तर रोज एक अग्रलेख मोठ्याने वाच, दुसरा उपाय मलाही ठाऊक नाही. कन्नड मात्र घोटून शिक, केवळ पास होण्यापुरती नको. महाजन अहवालावर कन्नडमध्ये काय लिहिलंय ते तुला मूळातून वाचता आलं पाहिजे. परदेशी भाषाच मुख्य विषय करायची असेल तर जेएनयूत आणि हैदराबादच्या इफ्लूत (इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी) तशी बी.ए. आहे. जेएनयूला सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि ती परीक्षा मराठीतही देता येते. चोर्ला घाट उतरलं की गोवा. तिथे पोर्तुगीज शिकलीस तर ब्राझील, अंगोला, मोझांबिक हे देश उघडतात. आपल्याकडे कुणाला हे सुचत नाही, गोव्याला जायचं ते मासे खायला.

कॉलेज सुरू व्हायच्या आत एक काम कर. बेळगाव कर्नाटकात का असावं, यावर दोन पानं लिही, मराठीत, एकही टोमणा न मारता. मासिकाच्या पत्त्यावर पाठव. लाल पेन मी अजून जवळ ठेवलंय.