इंग्लंडमध्ये कॉमन मॅलो (तिथलं एक रानटी फुलझाड) कुंडीत लावावं की जमिनीत? थंडीत घरात घ्यावं लागतं का?

जमिनीत. त्याचं सोटमूळ गाजरासारखं सरळ खाली जातं, कुंडीत गुदमरतं.

आमच्याकडे, लीड्सला, ते कुणी लावलंच नव्हतं. कुंपणाकडेला बांधकामाचा राडारोडा पुरला होता, तिथे आपोआप उगवलं. नवऱ्याचं मत एकच: तण आहे, उपट. मी म्हटलं, फूल तर येऊ दे. जूनमध्ये फुललं. जांभळट गुलाबी पाकळ्या, त्यांवर गडद रेघा. जास्वंदीची धाकटी बहीणच. (कूळ एकच. भेंडी, अंबाडी, कापूसही त्यातलेच.) मग साहेबांना एकदम प्रेम आलं. कोंबडीखत घातलं, रोज संध्याकाळी पाइपने वरून आंघोळ. महिन्याभरात झाड कमरेच्या वर गेलं, आडवं पडलं आणि पानांच्या पाठीवर नारिंगी पुटकुळ्या. तांबेरा! "बघ, उपट म्हणत होतो ना!"

त्याच उन्हाळ्यात आई सोलापूरहून आली होती. तिने रोगट पानं खुडून कचऱ्यात टाकली, दांडे वीतभर ठेवून छाटले. ऑगस्टअखेर कोवळी पालवी आली. एक पान बोटांत चोळून म्हणाली, "अगं, हे तर भेंडीसारखं बुळबुळतंय." दुसऱ्या दिवशी तुरीची डाळ, लसूण, चिंच घालून गरगट्टा. अंबाडीचा आंबटपणा नाही त्याला, चिंच हवीच. नवऱ्याने दोनदा मागून घेतला. कशाचा होता ते जेवण झाल्यावर सांगितलं.

तेव्हा खत अजिबात नको. पाणी मुळाशी, तेही पहिल्याच उन्हाळ्यात. वाढलेली रोपं विकत आणू नका, मूळ दुखावलं की रुसतात. एप्रिलमध्ये बी जागेवरच टाका. थंडीचं काय विचारलंत? वरचं वाळतं, वसंतात बुडातून फुटतं. घरात कशाला घेताय?

हो, फळं म्हणजे चपट्या गोल चकत्या असतात, त्या पिकायच्या आत खुडा. नाहीतर फरशीच्या फटींतूनही उगवतं. इथे नवऱ्याचं बरोबर होतं, पण ते मी त्याच्यापाशी कबूल केलेलं नाही.

आणि खायचं असेल तर ओळख पक्की करा, रस्त्याकडेचं नको, भरपूर खत घातलेल्याचीही पानं नकोत. त्यांत नायट्रेट साठतं. आम्ही खाल्ला तेव्हा हे ठाऊक नव्हतं.

ते पहिलं झाड चौथ्या वर्षी गेलं. आता फटींतली रोपं नवराच उपटत फिरतो, कुंपणाजवळची तेवढी सोडून.