वाचकांचे प्रश्न: चोरी झाली, पण ठाण्यात 'गहाळ' लिहून घेतलं

प्रश्न: नमस्कार सर, आमची आई साताऱ्याहून सांगलीला एसटीनं येत होती, कऱ्हाडला लय गर्दी चढली. सांगली स्टँडवर उतरून बघते तर पर्सची चेन उघडी आणि दीड तोळ्याचं गंठण गायब. ठाण्यात गेलो तर म्हणाले चोरी कुठं झाली ते नक्की नाही, कऱ्हाडला जा. शेवटी 'गहाळ' असा अर्ज घेऊन शिक्का मारून दिला. आता काय करायचं? – एक वाचक, सांगली

उत्तर: आधी त्या कागदाचं सांगतो, कारण खरी गोम तिथंच आहे. गहाळ म्हणजे हरवलं, आणि हरवण्यात गुन्हाच नसतो, त्यामुळं तपास कुणी करत नाही. आईंनी पर्सची चेन स्वतः लावली होती ना, मग फिर्यादीत 'चोरी' हाच शब्द आला पाहिजे. ५ हजारांच्या आतली चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही अशी, धरलीय, दीड तोळं सोनं त्याच्या कितीतरी वर जातं, म्हणजे हा सरळ दखलपात्र गुन्हा झाला. असा गुन्हा दिसला की एफआयआर नोंदवावाच लागतो, हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी २०१३ मध्येच ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय.

हद्दीचं कारण तर आता चालतच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलिस तपास आणि कोर्टाच्या कामकाजाचा नवा कायदा) कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती घ्यायचीच. सांगलीत झिरो नंबरनं, म्हणजे ठाण्याचा नेहमीचा गुन्हा नंबर न देता, नोंद करून कागद कऱ्हाडला पाठवणं हे पोलिसांचं काम, आईंना हेलपाटे कशाला? प्रवासातली चोरी असेल तर त्या वाटेवरच्या कुठल्याही हद्दीत चौकशी होऊ शकते.

उद्याच जा, एसटीचं तिकीट आणि सोनाराची पावती सोबत घ्या, आणि स्टँडवरचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असं अर्जात लिहा, कारण जुनं फुटेज पुसलं जातं. ठाणे अंमलदारानं लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय सही नको, आणि प्रत फुकट मिळते ती घेऊनच उठा. तरीही नाहीच म्हणाले तर तीच हकिकत लेखी, पोस्टानं जिल्ह्याच्या पोलिस अधीक्षकांना पाठवा, पोचपावती जपा, आणि तिथंही काही हललं नाही तर प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

गुन्हे कमी दिसावेत म्हणून गहाळवर भागवणं मला अजिबात पटत नाही, अशानं एसटीतल्या टोळ्या कुठल्या रूटवर फिरतात तेच एसपी ऑफिसला कळत नाही. गुन्हा दाखल झाला की तपास कुठवर आला हे ९० दिवसांत आईंना कळवणं तपास अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, नाही कळवलं तर गुन्हा नंबर टाकून लेखी विचारा.