नोकरी आणि घर सांभाळून एका महिन्यात कादंबरीचा पहिला खर्डा लिहून होतो का?

होतो. मी ठाण्यात राहते, रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे, आणि माझ्या कादंबरीचा पहिला खर्डा मी एका जुलै महिन्यात पूर्ण केला.

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत राहता, आयटीत नोकरी आहे, मुलगा तिसरीत आहे. नोव्हेंबरात पन्नास हजार शब्द लिहायचा विचार आहे, तर जमेल का, आधी आराखडा करावा का आणि अ‍ॅप कोणतं घ्यावं. शेवटी एक ओळ आहे: ‘घरचे म्हणतात, कादंबरी अशी घाईघाईत होत नसते.’ खरं सांगायचं तर त्या एका ओळीसाठी मी हे उत्तर लिहायला बसले.

आधी महिना बदला. ख्रिस बेटी नावाच्या माणसाने १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात एकवीस जणांना घेऊन महिन्यात कादंबरी लिहायचा ‘नॅनोरायमो’ हा उपक्रम सुरू केला, तो जुलैतच. तिकडची हवा नोव्हेंबरात वाईट असते, लोक घरात बसतात, म्हणून पुढच्या वर्षी तो नोव्हेंबरात नेला. आपल्याकडे त्या सुमाराला दिवाळी असते, आणि तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात. जुलैच्या आसपास आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, लग्नं थांबतात, सणवार पुढे असतात, पावसात पाहुणेही फारसे येत नाहीत. मुलांच्या शाळा रुळलेल्या असतात. हा उपक्रम चालवणारी अमेरिकेतली संस्था बंद होत असल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं, त्यामुळे नोव्हेंबरच पाळायचं काही कारण उरलेलं नाही.

पन्नास हजारांचा आकडाही इंग्रजीसाठी ठरवलेला आहे. तीस दिवसांत तेवढे म्हणजे रोज १,६६७ शब्द. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘स्टेशनवरच्या दुकानातून’ हे आपले दोन शब्द, इंग्रजीत त्याला सहा लागतात. तेव्हा मराठीतले पन्नास हजार म्हणजे चांगलीच जाड कादंबरी झाली. रोजचे बाराशे ठरवा. महिनाअखेर छत्तीस हजार होतात आणि पहिल्या खर्ड्याला ते भरपूर आहेत.

आता घाईचं.

नौपाड्यात आमचा लिहिणाऱ्यांचा एक कट्टा भरायचा, महिन्यातून एकदा, कोणाच्या तरी घरी. तिथे एक ज्येष्ठ लेखक येत, आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. खर्डा झाल्यानंतरच्या बैठकीत मी म्हटलं, कादंबरी लिहून झाली आहे, पहिलं प्रकरण वाचू का? सरांनी विचारलं, किती वर्षं लिहीत होतात? मी म्हटलं, एक महिना. त्यावर ते सगळ्यांसमोर म्हणाले, ‘बाई, महिन्यात धड लोणचंही मुरत नाही.’ सगळे हसले. मी कागद पिशवीत परत ठेवले. वाचा असं कोणीही म्हटलं नाही.

तेव्हा बोलले नाही ते इथे बोलते. लोणचं मुरायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, मी दर वर्षी घालते. पण मुरण्याआधी कैऱ्या धुऊन, पुसून, चिरून, मीठ-मसाला लावून बरणीत भराव्या लागतात आणि ते काम एका बैठकीत उरकायचं असतं. आज दोन फोडी, पुढच्या आठवड्यात दोन फोडी असं करत गेलं तर कैरी सडते. महिन्याभरात होतं ते बरणी भरण्याचं काम.

आणि भराभर लिहिलेलं पोकळच असतं, हे तरी कोणी ठरवलं? ‘कोसला’ १९६३ साली आली, तेव्हा नेमाडे पंचविशीत होते आणि त्यांनी ती दोन-तीन आठवड्यांत लिहून काढली होती. सरांच्या बोलण्यात ‘कोसला’ आल्याशिवाय एक बैठक संपत नसे. दस्तयेवस्कीने १८६६ साली ‘जुगारी’ सव्वीस दिवसांत पूर्ण केली. प्रकाशकाशी त्याचा करारच तसा होता: १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं त्याचं लेखन प्रकाशकाला फुकट छापता येणार होतं. तेव्हा अ‍ॅना नावाची वीस वर्षांची लघुलेखिका त्याच्याकडे यायची, तो सांगेल ते टिपून घ्यायची आणि घरी नेऊन नीट उतरवून आणायची. त्या सव्वीस दिवसांमागे दोन माणसांचे कष्ट होते. मला ही गोष्ट कादंबरीइतकीच महत्त्वाची वाटते.

कारण सरांच्या घरी मी गेले आहे. लिहायची खोली वेगळी आहे, दार लावलेलं असतं, दोन वेळा चहा आत जातो आणि वहिनी कप ठेवून न बोलता बाहेर येतात. अशा घरात कादंबरीला दहा वर्षं देता येतात. मला दहा वर्षं कोण देणार? तुम्हाला कोण देणार? घराकडे महिना मागता येतो. ‘जुलैभर रात्री साडेनऊनंतर मी कोणाला सापडणार नाही’ हे घरच्यांना पटतं, कारण त्याला शेवटची तारीख आहे. ‘मी आता पुढची काही वर्षं कादंबरी लिहिणार आहे’ असं सांगून बघा, आठवड्यात सगळे विसरतात आणि तुम्हीही विसरता. म्हणून ज्यांच्या डोक्यावर घर आहे त्यांच्यासाठी महिन्याचा खर्डा हाच रस्ता आहे असं माझं ठाम मत आहे. ‘घाई करू नका, सावकाश लिहा’ हा सल्ला मला आजवर फक्त अशाच लोकांनी दिला आहे, ज्यांचं जेवण दुसरं कोणी तरी वाढतं.

आमच्याकडे मी जूनअखेर सगळ्यांना बसवून सांगितलं. नवऱ्याने रात्रीची भांडी आणि ओटा घेतला. मुलगी कॉलेजात होती, तिने सकाळचे डबे घेतले. सासूबाईंनी विचारलं, ‘कसली परीक्षा आहे का तुझी?’ मी म्हटलं, तसंच समजा. त्यानंतर महिनाभर कोणाचाही फोन आला की त्या ‘तिचं लिहिणं चाललंय, उद्या करा’ असं सांगून ठेवून द्यायच्या, माझ्या माहेरचा असला तरी. ऑफिसने सूट दिली नाही आणि देणारही नव्हतं. जीएसटी वीस तारखेला, टीडीएसचं तिमाही रिटर्न एकतीसला, जुलै आमच्याकडे असाच असतो. ठाणे ते रबाळे प्रवास छोटा आहे, पण नऊ-दहा नंबरवर गाडीची वाट बघण्यापासून उतरेपर्यंत फोनवर एक परिच्छेद होतो. पावसाने गाड्या रखडल्या त्या दिवशी दोन-तीन झाले.

या वेगाने नुसते शब्द वाढतात असं समजू नका. माझी कादंबरी ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या कामगारांची आहे. माझे वडील तिथे टर्नर होते. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत, १९६२ च्या सुमाराची. आज तिथे काचेच्या इमारती दिसतात, माझ्या लहानपणी आमची चाळ कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावायची. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा मी शाळेत होते. ही गोष्ट लिहायची असं मी वर्षानुवर्षं म्हणत होते. टिपणं काढली होती, टाळेबंदीची, युनियनच्या भांडणांची, थकलेल्या ग्रॅच्युइटीची. त्या टिपणांत बाबा होते, साहेब होते, पुढारी होते. आई कुठेच नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात टिपणं संपली. बाराशे शब्द तर लिहायचेच होते. एका रात्री काहीच सुचेना म्हणून टाळं लागल्यानंतरची सकाळ लिहायला घेतली, आणि हातून उतरलं की बाई डबा भरते आहे. कामच नाही तर डबा कशाला, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. लिहीत गेले. नवरा पहिल्या पाळीच्या वेळेला घराबाहेर पडतो, चाळीत कळू नये म्हणून. ती त्याला काही विचारत नाही. रोज डबा देते, आणि त्यात दोन पोळ्या जास्त घालते.

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. असं होतं का गं? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘तलावपाळीला बसायचे ते. चौघं जण. एकाची बायको गावी निघून गेली होती, त्याला कोण डबा देणार? तुला कोणी सांगितलं हे?’

मला कोणीच सांगितलं नव्हतं. ओट्याशेजारी उभं राहून ते मी लहानपणी पाहिलं असणार, आणि ते तसंच आत राहिलं होतं. सावकाश, विचार करून लिहिलं असतं तर ते कधीच वर आलं नसतं, कारण विचार करायला बसले की मी युनियनचाच विचार करत होते. त्या रात्रीपासून कादंबरी आईची झाली.

आराखड्याचं म्हणाल तर पहिल्या पंधरा दिवसांपुरता करा. त्याहून जास्त केलात तर त्यालाच धरून बसाल. रोज मागचं वाचू नका, ऱ्हस्व-दीर्घ बघू नका, पात्राचं नाव मध्येच बदलावंसं वाटलं तर बदलून पुढे जा. एखादा प्रसंग अडला तर ‘इथे दोघा भावांचं भांडण’ एवढं लिहून पुढचा प्रसंग घ्या.

घरच्यांना ‘जमेल का’ असं विचारू नका. कामं वाटून द्या. तिसरीतल्या मुलाचा अभ्यास महिनाभर त्याचे बाबा घेऊ शकतात. खर्डा झाला की कोणालाही दाखवू नका. ज्याची स्वतःची कादंबरी पूर्ण झालेली नाही त्याला तर मुळीच नाही. सरांचं ललित लेखन चांगलं आहे, मी ते मन लावून वाचत आले. पण त्यांची कादंबरी मी त्या कट्ट्यावर जायला लागल्यापासून शेवटच्या प्रकरणावर होती आणि मी जायची थांबले तेव्हाही तिथेच होती. माझ्या अपमानाचं मला आता फारसं वाटत नाही. त्या दिवशी तिथे आणखी दोघी होत्या, दोघी नोकरी करणाऱ्या, दोघी नुकत्या लिहायला लागलेल्या. त्यानंतरच्या बैठकांना त्यांनी स्वतःचं लिहिलेलं काही आणलं नाही. त्याचा राग मला अजून आहे. कादंबरी किती दिवसांत लिहिली हे विचारून तिची किंमत ठरवू नये. पानं समोर होती, ती वाचायची होती.

काही गोष्टी मात्र सांगायला हव्यात. महिन्यात खर्डा होतो, छापण्याजोगी कादंबरी होत नाही. एरिन मॉर्गनस्टर्नची ‘द नाइट सर्कस’ अशाच महिनाभराच्या लिखाणातून निघाली, पण पुस्तक २०११ साली आलं, मधली वर्षं पुनर्लेखनात गेली. नेमाड्यांचीच ‘हिंदू’ २०१० साली आली आणि तिच्यामागे अनेक वर्षांचं काम होतं. माझंही पुनर्लेखन अजून चालू आहे, अर्ध्याहून जास्त पानं मी काढून टाकली आहेत आणि कारखान्याची बरीचशी टिपणं त्यात गेली. संथपणेच लिहिणारी माणसं असतात, त्यांनी वेग वाढवावा असं मी म्हणत नाही. घरात आजारपण असेल तर महिना पुढे ढकला. रात्री बारानंतर जागू नका, झोप गेली की दुसऱ्या दिवसाचे शब्दही जातात. शेवटच्या आठवड्यात मान आणि मनगट दुखतं, मध्ये मध्ये उठा.

अ‍ॅपमध्ये फार अडकू नका. मी फोनवर जीबोर्डचा मराठी कीबोर्ड आणि गूगल डॉक्स वापरलं. गाडीत लिहिलेलं रात्री लॅपटॉपवर तिथूनच पुढे लिहिता येतं आणि शब्द मोजून मिळतात. बोलून टाइप करायची सोय मराठीतही आहे. पोळ्या लाटताना संवाद बोलायला ती उपयोगी पडते, विरामचिन्हं मी नंतर हाताने घालायचे. रोज रात्री एक प्रत स्वतःला ई-मेल करा. आणि पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर तशीच दिसणाऱ्या अक्षरांत, लिहा. जुन्या फॉन्टमधलं लिखाण दुसऱ्या मशीनवर उघडलं की अक्षरं विस्कटतात. पुढे प्रकाशकाला त्याच्या फॉन्टमध्ये हवं असलं तर त्याचा डीटीपीवाला ते बदलून घेतो.