कॉर्नेट चकाकलंच पाहिजे का?

प्रश्न : आमच्या लहानशा संग्रहालयाला शंभरेक वर्षांपूर्वीचं पितळी कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं फुंकून वाजवायचं वाद्य) देणगी म्हणून मिळालंय. अंग काळवंडलंय, एक व्हॉल्व्ह (सूर बदलायला बोटाने दाबायची कळ) अडकलाय, दोन-तीन पोचे आहेत. पॉलिश करून दालनाच्या उद्‌घाटनाला ते वाजवावं, असा मंडळींचा आग्रह आहे. काय करावं?

उत्तर : पॉलिशचा डबा बाजूला ठेवा आणि आधी भिंग हातात घ्या. कॉर्नेटच्या पुढच्या पसरट तोंडावर बहुधा कारागिराचं नाव कोरलेलं असेल. अक्षरांच्या खाचांत पांढरी पूड अडकलेली दिसली, तर ते कुणीतरी पूर्वी केलेलं पॉलिश. अक्षरं पुसट झाली असतील, तर घासण्यात काय गेलं तेही तिथंच कळेल. दर वेळी थोडं पितळ जातं आणि ते परत येत नाही.

काळपट थराने सहसा काही बिघडत नाही. मला धास्ती वाटते ती गुलाबी-लाल ठिपक्यांची. तिथलं जस्त निघून गेलेलं असतं आणि उरलेलं तांबं पोकळ, ठिसूळ होतं. अशा जागी पोचा काढायला गेलात तर नळीच फाटेल. अमोनिया असलेलं पॉलिश तर मुळीच नको. ठोकून घडवलेल्या पितळात ताण साठलेला असतो आणि अमोनिया लागला की त्याला भेगा पडतात. ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवली की अशीच तडकायची. कारण घोड्यांच्या मुतातला अमोनिया.

सूर जुळवायची नळी नीट पाहा. तिथं ओबडधोबड जोड दिसला तर कृपा करून तो ‘दुरुस्त’ करू नका. ब्रिटिश ब्रास बँड १९६०च्या दशकापर्यंत चढ्या पट्टीत वाजत, म्हणजे सूर जुळवायचा मूळ स्वर ४५२ हर्ट्झच्या (सेकंदाला तितकी कंपनं) आसपास असे. नळी लांब तितका सूर खाली, म्हणून पुढे ४४० वर उतरताना जुन्या वाद्यांच्या नळ्या लांबवल्या गेल्या. तुमच्या कॉर्नेटवरचा जोड त्यातलाच असू शकतो आणि तसा असेल, तर तो वाद्याच्या इतिहासाचा भाग आहे.

वाजवण्याला माझा विरोध आहे. फुंकरीतली वाफ थंड नळीत पाणी होऊन साचते, त्यात थुंकीतले क्षार मिसळतात आणि नळी आतून झिजते. बाहेरून काही दिसतही नाही. जुना आवाज तरी ऐकू येईल, असं कुणी म्हणेल. पण १९३९ साली प्राचीन इजिप्तचा राजा तुतानखामेन याच्या थडग्यातल्या दोन तुताऱ्या कैरोहून रेडिओवर वाजवल्या गेल्या. त्यांना माउथपीस (ओठ लावून फुंकायचा भाग) आधुनिक लावले होते. मग जो आवाज ऐकला तो त्या काळचा कसा म्हणायचा? उद्‌घाटनाला रोजच्या वापरातलं कॉर्नेट वाजवा, लोक तितक्याच आनंदाने ऐकतील.

व्हॉल्व्हला पक्कड लावू नका, अडकलेला राहू दे. हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला. कपाटात आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आत ठेवा. आत लोकरीचं फेल्ट, रबर किंवा ओकचं लाकूड नको, त्यांच्या वाफा धातूला खातात. जुनी पेटी सोबत आली असेल तर त्यातल्या सुट्या नळ्या, जादा माउथपीस, तेलाची कुपी, सगळं त्याच नोंद क्रमांकाखाली चढवा.